नावाच्या आधीची जागा

माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेचा संपादक नेमकं करतो तरी काय, असं मला निवृत्तीनंतर बऱ्याच जणांनी विचारलं. लेख गोळा करतो, शुद्धलेखन तपासतो, छापखान्यात चकरा मारतो, असं उत्तर लोकांना अपेक्षित असतं, आणि ते खोटं नाही. पण पंधराएक वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की खरं काम नावांचं असतं. त्यातही नावाच्या आधी जे लागतं त्याचं. श्री., सौ., कु., श्रीमती, डॉ., अ‍ॅड. आणि शेवटी कै. लेखात चूक राहिली तर कोणी बोलत नाही, कारण लेख कोणी वाचलेलाच नसतो. नावापुढचं अक्षर चुकलं तर माणूस घरी येतो.

वर्ध्याच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवत होते. नव्वदच्या सुमारास माजी विद्यार्थी संघाने वार्षिक पत्रिका काढायची ठरवली आणि मराठीच्या बाई आहेत, त्यांना ऱ्हस्व-दीर्घ कळतं, एवढ्या भांडवलावर ती माझ्या गळ्यात पडली. संघाचे अध्यक्ष हिंगणघाटचे जिनिंगवाले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. स्वभावाने दिलदार, पण त्यांच्या डोक्यात पत्रिका म्हणजे लग्नाची पंगत होती. कोण कुठे बसला, कोणाच्या आधी कोणाला वाढलं गेलं, हे त्यांना फार महत्त्वाचं वाटे. वाचकही काही वेगळे नव्हते. अंक हातात आला की माणूस मागची पानं उघडतो, जिथे 'कोण कुठे' असतं. आधी स्वतःचं नाव बघतो, मग वर्गातल्यांची, मग कोण वारलं ते. एवढं झालं की अंक माळ्यावर जातो.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांना पोस्टकार्डं टाकली, 'पत्रिकेसाठी आपली माहिती त्वरित कळवावी.' हिंगणघाटच्या एका गृहस्थांनी खरोखर त्वरित कळवली. जन्मवेळ, रास, नाडी, गण, आणि खाली एक ओळ की मुलगी स्वयंपाकात निपुण असून मुलगा निर्व्यसनी हवा. आमची पत्रिका जुळवायची नसून वाचायची आहे, असं मी त्यांना लिहिलं. मग यादीतल्या अविवाहित मुलांचे पत्ते तरी द्या, असं त्यांचं उत्तर आलं. पुढच्या वर्षापासून मी कार्डावर 'वार्षिक अंकासाठी' असं लिहू लागले, तरी लोक पत्रिकाच म्हणत राहिले आणि मीही म्हणते.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या नावापुढे डॉ. लावून पाठवलं. माझ्या माहितीप्रमाणे तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अडकला होता. विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितलं की तो गुरांना सुया टोचतो आणि अख्खं गाव त्याला डॉक्टर म्हणतं, तो स्वतः कुठे म्हणतो. त्याला डॉ. मिळालं नाही, आणि त्याने पुढे कधी माहितीही पाठवली नाही.

कै. लावण्याचा मात्र मी कडक नियम केला होता. दोन वेगवेगळ्या घरांतून खात्री झाल्याशिवाय लावायचं नाही. एकदा एका जुन्या विद्यार्थ्याबद्दल कोणीतरी काही कानावर घातलं म्हणून मी त्याच्या शेजारी फोन लावला. शेजारीण म्हणाली, "काका तं गेले." मी आवाज खाली आणून विचारलं, कशाने गेले? ती म्हणाली, "येष्टीनं." काका मुलाकडे पुण्याला गेले होते आणि पंधरा दिवसांनी परत येणार होते. आपल्या भाषेत एकाच शब्दात माणूस पुण्यालाही जातो आणि वरही जातो. संपादकाने दर वेळी न लाजता विचारायचं असतं, कुठे गेले.

बायकांच्या नावांचा मामला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुरुषाला एकदा श्री. चिकटलं की ते कै. होईपर्यंत हलत नाही. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मोडलं, बायको वारली, तरी त्या अक्षराला खबर नसते. बाईचं तसं नाही. तिच्या नावाआधीचं अक्षर तिच्याबद्दल काही सांगतच नाही. शेजारी पुरुष आहे का, होता का, यायचा आहे का, एवढंच सांगतं. नालवाडीच्या ज्या छापखान्यात आमचा अंक निघायचा, तिथे सुरुवातीला अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत. तिथला जुळारी श्री. आणि सौ. आधीच बांधून एका खणात तयार ठेवायचा, कारण ते सारखे लागत. श्रीमती तो लागेल तेव्हा जुळवायचा.

मी स्वतः कु. होते. चाळिशीत कु., पन्नाशीत कु., आणि निवृत्तीच्या निरोप समारंभाच्या फलकावरही कु. कुमारी हा शब्द ऐकून एकदा पहिल्या वर्षाची पोरं मागच्या बाकावर हसली होती. मी त्यांना उभं करून निबंध लिहायला लावला. पण खरं सांगायचं तर राग पोरांचा नव्हता. नावाच्या आधी आपली सगळी हकीकत सांगून मगच नाव घ्यायचं, ह्या रीतीचा तो राग होता. उघडं नाव छापलं तर बाईचा अपमान होतो असं सगळे मानत, आणि मीही वर्षानुवर्षं ती रीत मुकाट पाळली. आमची जुनी विद्यार्थिनी सुनंदा आली नसती तर पुढेही पाळली असती.

महाविद्यालयाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. रौप्यमहोत्सवी अंकात पहिल्या तुकडीपासून सगळ्या माजी विद्यार्थ्यांची सूची द्यायची असं ठरलं. भाऊसाहेबांची कल्पना मोठी होती. चकचकीत कागद, प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या सगळ्या पदव्या, आणि वारलेल्यांसाठी शेवटी काळ्या चौकटीचं स्वतंत्र पान. माहितीसाठी आम्ही सगळ्यांना कार्डं पाठवली आणि उत्तरं यायला लागली.

परीक्षा सुरू होत्या. एका दुपारी वर्गावरची देखरेख संपवून मी स्टाफरूममध्ये आले तर दारात सुनंदा राऊत उभी होती. ही आमची बी.कॉम.ची विद्यार्थिनी. तिचा नवरा विजयही तिच्याच वर्गातला. वर्गात दोघं एकमेकांकडे ढुंकून बघत नसत, म्हणजे बघत असणार, कारण निकाल लागल्यावर वर्षभरात विजयच्या घरून तिला मागणी आली. जाम ह्या गावी हायवेवर विजयचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ट्रक तिथे थांबला की बेल्ट, नट, ग्रीस, काय हवं ते मिळायचं. दुकान चांगलं चालत होतं. त्यांना एक मुलगी झाली.

मग एक दिवस विजय नेहमीसारखा माल आणायला हैदराबादला गेला आणि परत आला नाही. ही गोष्ट तेव्हा आम्हा सगळ्यांना माहीत झाली होती. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला, सुनंदाचे वडील हैदराबादला जाऊन ओळखीच्या सगळ्या दुकानांत विचारून आले. भांडण झालेलं नव्हतं, चिठ्ठी नव्हती, कुठे अपघाताची नोंद नव्हती. माणूस सकाळी चहा पिऊन एसटीत बसला, एवढंच शेवटचं कळलेलं. त्याला आता आठ वर्षं होत आली होती. दुकान सुनंदाच चालवत होती. तिच्या बोटांच्या पेरांत ग्रीसचा काळेपणा बसला होता आणि गळ्यात काळी पोत होती.

मी तिला चहा मागवला. तिने मुलीच्या शाळेचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, आणि मग कार्डाचा विषय काढला. कार्डावर आम्ही छापलं होतं, श्री., सौ., कु., श्रीमती, नको ते खोडा. ती म्हणाली, ते पोस्टानं पाठवण्यासारखं नव्हतं म्हणून मी स्वतः आली.

"मॅडम, माझ्या नावापुढं काईच लावू नका."

मी विचारलं, का.

"सौ. लावलं तं लोक हसतात. श्रीमती लावलं तं आई जेवत नाई."

आई म्हणजे तिची सासू, यमुनाबाई. विजय एकुलता एक. त्या चौथी शिकलेल्या, पण छापलेलं काही सोडत नसत, पुडीचा कागददेखील उलगडून वाचत. छापून आलं म्हणजे ते झालं, असा त्यांचा पक्का समज. मुलीच्या शाळेच्या एका कागदावर कोणा कारकुनाने श्रीमती लिहिलं होतं, तर त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. आणि दुसऱ्या बाजूला गाव. हळदीकुंकवाला काही घरी बोलवत, काही घरी नाही, आणि बोलवलं तरी ओटी भरायची वेळ आली की बाया एकमेकींकडे बघत. सुनंदाने जाणंच सोडलं होतं.

पण नुसता लौकिकाचा प्रश्न असता तर तिने तो गिळला असता. खरी अडचण दुकानाची होती. जागेचा करार, परवाना, बँक, वीज, सगळं विजयच्या नावावर. प्रत्येक कागदाला त्याची सही लागे. जागेच्या मालकाने आता सांगून टाकलं होतं की नवा करार सही असेल तर, नाही तर जागा रिकामी करा. वकिलाने मार्ग सांगितला होता. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल, तर ज्यांना ती कळायला हवी होती अशा माणसांनी कोर्टात येऊन तसं सांगायचं. मग कोर्ट तो मरण पावल्याचं धरतं आणि कागद बायकोच्या नावावर होतात. विजयची खबर सगळ्यांत आधी ज्यांना कळली असती त्या यमुनाबाई. त्यांनी कोर्टात उभं राहून सांगायला हवं होतं, आणि सुनंदाने तो विषय एकदा काढल्यावर पुन्हा काढायची हिंमत केली नव्हती.

मी तिला विचारलं, विजयचं नाव कुठे घालू, यादीत की काळ्या चौकटीत? तिने कप बाजूला सरकवला.

"ते तुमी ठरवा, मॅडम. माझ्यानं नाई होत."

ती गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. मला तिची कीव आली असं मी म्हणणार नाही, ती कीव करण्यासारखी बाई नव्हती. पण फार वाईट वाटलं.

संघाची बैठक हिंगणघाटला भाऊसाहेबांच्या जिनिंगच्या ऑफिसात होती. मी हा विषय मांडला. भाऊसाहेबांना वाईट वाटलं, विजयला ते ओळखत होते. पण उपाय त्यांच्याकडे तयार होता. काळ्या चौकटीच्या पानावर विजयचा फोटो टाकू, चांगला मोठा टाकू, आणि सुनंदाला श्रीमती लावू. कायद्यानेही आता तसंच आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, कायद्याने अजून काही झालेलं नाही, आणि त्याची आई हे वाचणार आहे.

"मॅडम, आदमी कोनत्या तरी एका खान्यात बसला पायजे," ते म्हणाले. "नाई तं यादी कशी होईन?"

मला संताप आला, पण उत्तर सुचलं नाही. यादी करणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच होतं. मीही आयुष्यभर माणसांना खान्यांतच बसवत आले होते.

उत्तर सुचलं ते वर्गात. हजेरी घेत होते. एक मुलगा महिनाभर येत नव्हता, त्याच्या घरी काहीतरी बिनसलं होतं. त्याचा क्रमांक आला, मी नाव घेतलं, क्षणभर थांबले आणि पुढचं नाव घेतलं. रोज तसंच करत होते. तेव्हा लक्षात आलं की हजेरीत कोणी सौ. नसतं, श्रीमती नसतं, डॉक्टर नसतं. आणि जो आलेला नाही त्याचंही नाव आपण घेतोच. तो कुठे आहे हे न ठरवता घेतो.

रौप्यमहोत्सवी सूची मी हजेरीसारखी करायची ठरवली. तुकडीवार, वर्णानुक्रमाने, मुलं-मुली एकत्र, फक्त नाव आणि गाव. श्री. नाही, सौ. नाही, पदव्या नाहीत, कै. नाही, काळं पान नाही. सुनंदाचं एकटीचं नाव उघडं ठेवलं असतं तर तिच्याकडेच बोट गेलं असतं. सगळ्यांचीच उघडी केली तर कोण कोणाला हसणार? मी भाऊसाहेबांना लपवून काही केलं नाही. मांडणी घेऊन पुन्हा हिंगणघाटला गेले आणि कारणासकट सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून कागद खाली ठेवला.

"लोक जोडे मारतील," ते म्हणाले. "अन् मले नाई मारनार, तुमाले मारतील. सुरुवातीले तुमच्या सहीनं लिहा, मंग छापा."

मी माझ्या सहीने लिहिलं. ह्या अंकात आपण सगळे पुन्हा एकदा वर्गात बसलो आहोत, एवढंच. सुनंदाचा अर्थातच उल्लेख नव्हता.

जोडे पडले. डॉक्टरांनी पत्रं पाठवली, वकिलांनी नोटिशीच्या भाषेत पाठवली. एका मुख्याध्यापकांनी लिहिलं की वीस वर्षं झिजून मिळवलेलं तुम्ही एका फटक्यात पुसलं. ह्या पत्रांचं मला फारसं काही वाटलं नाही. पण नालवाडीचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी, आजाराने वारलेला. ते म्हणाले, मी स्वतः तुम्हाला कळवलं होतं, बाई, तरी तुम्ही त्याच्या नावापुढे कै. लावलं नाही, त्याच्या जाण्याची एवढीही दखल नाही का? मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि गेले. त्यांचं समाधान झालं नव्हतं. एकीच्या दुःखावर घातलेली फुंकर दुसऱ्याच्या दुःखावर मीठ होऊन पडते, हे संपादकाच्या कामात टाळता येत नाही, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

अंक निघून महिना-दीड महिना झाला असेल. रविवारची सकाळ होती. दारात नऊवारी नेसलेली एक म्हातारी उभी, हातात पिशवी. गावंडे मॅडमचं घर हेच का, म्हणून तिने विचारलं, आणि सांगितलं की मी विजय राऊतची माय. जामहून एकटी आली होती, सुनंदाला न सांगता. मी खुर्ची दिली तर ती खाली बसली, म्हणून मीही खाली बसले.

तिने पिशवीतून अंक काढला. मला वाटलं, आता भांडण होणार. ती म्हणाली की अंक आल्यावर तिने आधी मागचं पान काढलं, कारण दर साली मेलेल्यांची नावं तिथे असतात. तिथे काही नव्हतं. मग तिने विजयची तुकडी काढली आणि बोट ठेवून एकेक नाव वाचलं. विजयच्या वरचं नाव त्याच्या एका मित्राचं होतं, जो विहिरीच्या कामावर दगावला होता, त्याच्या तेरवीला ती स्वतः गेली होती. खालचं नाव सुनंदाचं. त्या मित्रापुढेही काही नाही, विजयपुढेही नाही, सुनंदापुढेही नाही. हे असं का, असं तिने मला विचारलं.

मी खरं ते सांगितलं. सुनंदा येऊन काय म्हणाली तेही सांगितलं, फक्त जेवणाचं सांगितलं नाही. तिने ते बहुधा ओळखलं. ती पदराने अंकाचं पान पुसत राहिली. मग बोलू लागली तेव्हा तुमी-आमी सोडून मला लेकीसारखं तू म्हणू लागली.

"हे बरं केलं तू. याच्यात मेलेले बी आहेत अन् जिते बी. माहा विजय दोन्हीत आहे. मले तं कोनी सांगू नाई शकत तो कोनत्यात आहे ते." तिने सुनंदाच्या नावावर बोट ठेवलं. "पन ती तं जिती आहे ना, बाई."

तिने अंक मिटून पिशवीत ठेवला.

"पुढच्या खेपेले तिच्यापुढं श्रीमती लावजो. मी सांगून राह्यली म्हनून लावजो. दुकान तिचं तिच्या नावावर होऊ दे. पोरगी आहे तिले." आणि मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पन त्याच्यापुढं कै. नको लावजो."

संपादक म्हणून मला लगेच दिसलं की हे जुळत नाही. नवरा गेला नसेल तर बायको विधवा कशी? शेजारशेजारच्या दोन नावांत अशी विसंगती दिसली तर प्रूफ वाचणारा पहिली खूण तिथेच करतो. पण समोर बसलेल्या म्हातारीने दोन माणसांचा वेगवेगळा विचार केला होता आणि दोन्हीकडे तिचं चुकलं नव्हतं. मी हो म्हटलं. तिने भाकरी खाल्ली, पाणी प्यायली आणि दुपारच्या गाडीने परत गेली.

संध्याकाळी मी दुकानाच्या फोनवर सुनंदाला फोन केला. तिच्या नावाबद्दल तिला विचारल्याशिवाय मी काही छापणार नव्हते, सासूने सांगितलं तरी. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. मी सगळं सांगितलं. 

"आई स्वतः म्हनल्या?"

मी म्हटलं, हो.

"मंग लावा," ती म्हणाली, आणि रडायला लागली. आठ वर्षांत ती माणसांसमोर रडली नव्हती, असं तिच्या वडिलांनी मला पुढे सांगितलं.

अर्ज झाला, कोर्टात तारखा पडल्या. यमुनाबाईंची साक्ष झाली तेव्हा मी नव्हते, सुनंदाने सांगितलं ते लिहिते. वकिलाने विचारलं, इतक्या वर्षांत मुलाची काही खबर आली का? त्या म्हणाल्या, नाही. पत्र, फोन, कोणाकडून निरोप? नाही. म्हणजे तो आता हयात नाही असं तुमचं म्हणणं आहे? त्यावर त्यांनी न्यायाधीशांकडे बघितलं.

"ते तुमी लिहा, साहेब. माह्या तोंडून नका वदवू."

न्यायाधीशांनी वकिलाला थांबवलं आणि पुढचा प्रश्न विचारू दिला नाही. काही महिन्यांनी निकाल झाला. करार सुनंदाच्या नावाने झाला, दुकान तिथेच राहिलं.

पुढच्या अंकात लोकांच्या आग्रहाने श्री., सौ., डॉ., सगळे परत आले, आणि काळ्या चौकटीचं पानही आलं. मी विरोध केला नाही, नालवाडीचे ते शिक्षक माझ्या डोळ्यांपुढे होते. त्यांच्या मुलाचं नाव त्या पानावर पहिलं घातलं. विजयच्या तुकडीत मी 'श्रीमती सुनंदा विजय राऊत, जाम' असं छापायला दिलं आणि त्याच्या वर नुसतं 'विजय महादेव राऊत, जाम'. शेवटचं प्रूफ भाऊसाहेब बघायचे. त्यांनी पान माझ्यापुढे सरकवून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, आता तर कोर्टानेही सांगितलं, मग इथं काऊन सोडलं? मी म्हटलं, कोर्टाचा कागद दुकानासाठी आहे, आपला अंक त्याच्या आईच्या हातात जातो. त्यांनी प्रूफवर सही करून दिली.

यमुनाबाई त्यानंतर चार-पाच वर्षं होत्या. दर साली अंक पोचल्यावर सुनंदाचा फोन यायचा, आईनं पाह्यलं म्हणून, एवढंच. त्या गेल्यावर मी सुनंदाला विचारलं की आता काय करू. ती म्हणाली, राहू द्या, मॅडम.

निवृत्तीच्या वेळी मी पत्रिका माझ्या एका सहकाऱ्याच्या हवाली केली. छापखाना, पोस्टाच्या सवलती, कोणाचा रुसवा कसा काढायचा, सगळं त्यांना बसून सांगितलं. मग विजयच्या तुकडीचं पान उघडलं आणि त्यांना म्हटलं, ह्या नावाच्या आधीची जागा मोकळी आहे, ती चुकून राहिलेली नाही.